सरळ रेषेतला वेगविक्रम आणि स्प्रिंट कार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गॅरेज दारव्हा तालुक्यात आहे. दिवसभर ट्रॅक्टर, थ्रेशर, बोअरच्या मोटारी. संध्याकाळी आयटीआय आणि पॉलिटेक्निकची पोरं येऊन बसतात, मोबाइलवर अमेरिकेतल्या मातीच्या ट्रॅकवरच्या गाड्या पाहतात आणि बोलणं हमखास वेगावर येतं. तेच ते प्रश्न इतक्यांदा येतात की उत्तरं एकदा नीट लिहून ठेवलेली बरी. आपल्या भागातल्या पोरांच्या हातात हे काम करण्याचं कसब आहे, ते मी रोज पाहतो. म्हणूनच अर्धवट माहितीवर कोणी गाडी ताणू नये, असं मनापासून वाटतं.

स्प्रिंट कार म्हणजे नेमकी कोणती गाडी?

अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात मातीच्या लंबगोल ट्रॅकवर पळणारी, एका माणसाची, उघड्या चाकांची छोटी गाडी. वरच्या वर्गात ४१० घनइंचांचं, म्हणजे सुमारे ६.७ लिटरचं व्ही-८ इंजिन असतं. टर्बो नाही, तरी ताकद ९०० हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि वजन ड्रायव्हर धरून साधारण ६४० किलो. डोक्यावर पाच फूट बाय पाच फुटांची विंग असते. ती गाडीला मातीत दाबून धरते. वर्ल्ड ऑफ आउटलॉज ही त्यांची फिरती स्पर्धा १९७८ मध्ये टेड जॉन्सन यांनी सुरू केली. आयोवा राज्यातल्या नॉक्सव्हिल या शेतकऱ्यांच्या छोट्या गावी १९६१ पासून नॉक्सव्हिल नॅशनल्स भरत आली आहे, तीही शेतकी प्रदर्शनाच्या मैदानावर. मोठ्या शहराशिवाय मोटरस्पोर्ट उभं राहत नाही असं कोणी म्हटलं, तर त्याला हे गाव दाखवावं.

ही गाडी तर कायम डावीकडे वळते. ती सरळ पळेल कशी?

आहे तशी पळणार नाही. या गाडीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट डावीकडे वळण्यासाठी बेतलेली असते, आणि सरळ पळवायची म्हटलं की तीच गोष्ट अंगावर येते.

मागच्या चाकांपासून पाहा. उजव्या मागच्या टायरचा घेर सुमारे २.६७ मीटर असेल, तर डाव्याचा २.४१ च्या आसपास ठेवतात. मागचा अ‍ॅक्सल एकसंध, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल मध्ये नाही. म्हणजे अ‍ॅक्सलच्या एका फेऱ्यात उजवं चाक डाव्यापेक्षा पाव मीटर जास्त पुढं जाऊ पाहतं. वळणावर हे वरदान आहे. ताशी २५० ला सरळ जाताना मात्र गाडी सतत डावीकडे ओढते, आणि ड्रायव्हर स्टिअरिंग उजवीकडे धरून ठेवतो. म्हणून पहिलं काम म्हणजे दोन्ही मागचे टायर एकाच घेराचे. नुसता लेबलावरचा आकार पाहू नका. हवा भरून, चाक गाडीवर चढवून, टेप गुंडाळून मोजा. एकाच कंपनीचे, एकाच आकाराचे दोन टायरसुद्धा घेरात थोडे वेगळे निघतात.

मग विंग. ती दाबते तशी हवाही अडवते, त्यामुळे वरच्या वेगासाठी ती काढतात किंवा लहान, जवळजवळ आडवी बसवतात. पण विंग काढली की मागच्या चाकांवरचा दाब जातो आणि विक्रम होतात त्या मिठाच्या मैदानावर किंवा कोरड्या मातीवर चाकं नुसती फिरू लागतात. म्हणून गाडीत खाली, मध्यभागी वजन घालावं लागतं. गाडी हलकी करण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना हे पटत नाही. पण बॉनव्हिल या अमेरिकेतल्या मिठाच्या मैदानावर शिसं भरून वजन वाढवलेल्या गाड्या सर्रास दिसतात.

तिसरं, व्हीलबेस. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर जेमतेम सव्वादोन मीटर. इतकी आखूड गाडी चटकन फिरते, ट्रॅकवर तेच हवं असतं. सरळ रेषेत मात्र एवढीशी झुळूक आली तरी शेपूट हलतं, आणि ड्रायव्हरला सावरायला वेळ मिळत नाही. स्टिअरिंग मंद करणं, पुढच्या चाकांचा कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकाव) वाढवणं, पुढचा अ‍ॅक्सल दोन्ही बाजूंनी सारखा बसवणं हे उपाय आहेत. त्यानेही ती लांब नाकाच्या खास विक्रमी गाडीइतकी स्थिर होत नाही. हा धोका पत्करूनच लोक स्प्रिंट कार सरळ पळवतात.

आणि ब्रेक. बऱ्याच स्प्रिंट कारना पुढे फक्त डाव्या चाकाला ब्रेक असतो आणि मागे अ‍ॅक्सलवर एक डिस्क. ताशी ३०० वरून एकाच पुढच्या चाकाचा ब्रेक दाबला तर गाडी कुठं तोंड करेल हे सांगायला नको. सरळ धावेसाठी पुढे दोन्हीकडे सारखे ब्रेक किंवा पुढे अजिबात नाहीत, आणि मागे पॅराशूट.

विक्रम म्हणजे काय मोजतात? सगळ्यात जास्त आकडा दिसला की झालं ना?

नाही. शंकरपट पाहिलेल्याला हे लवकर कळतं. बैलांची जोडी सरळ पट्टीवर पळते, निकाल सेकंदांवर लागतो आणि सगळ्यांचं लक्ष घड्याळ धरणाऱ्याकडे असतं. मोटारीच्या वेगविक्रमातही एक ठरलेलं अंतर असतं, एक किलोमीटर किंवा एक मैल. गाडी त्या अंतरात आधीच वेग घेऊन शिरते, आणि शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा वेळ मोजतात. त्यातून निघतो तो त्या अंतरातला सरासरी वेग. मध्येच क्षणभर काटा कुठं गेला, याला किंमत नाही.

एवढ्यावरही भागत नाही. जागतिक संघटना एफआयएच्या नियमाप्रमाणे तेच अंतर उलट्या दिशेनेही पळावं लागतं, आणि दोन्ही धावा एका तासाच्या आत व्हाव्या लागतात. दोन्हींची सरासरी हाच विक्रम. यामुळे पाठीमागून येणारा वारा आणि जमिनीचा उतार यांचा फायदा निघून जातो. अमेरिकेत बॉनव्हिलला ऑगस्टमध्ये भरणाऱ्या स्पीड वीकमध्ये पद्धत जरा निराळी. तिथं पहिल्या दिवशी जुन्या विक्रमापेक्षा जास्त वेग काढला की गाडी एका कुंपणात जमा होते, दुरुस्तीला ठरावीक तास मिळतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पळून सरासरी काढतात. एकदा जमलेलं दुसऱ्यांदा जमतं का, ही दोन्हीकडची खरी परीक्षा.

बर्ट मन्रो यांचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. न्यूझीलंडच्या इन्व्हरकारगिल गावचा हा माणूस. १९२० सालची इंडियन स्काउट मोटारसायकल. मुळात ती ताशी ५५ मैलांच्या आसपास जाणारी. त्यांनी ती चाळीसहून जास्त वर्षं स्वतःच्या शेडमध्ये सुधारली, पिस्टनसुद्धा घरी ओतले. १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, बॉनव्हिलला १,००० सीसीच्या आतल्या वर्गात त्यांनी विक्रम केला. त्या वेळी सरासरी काढताना हिशेबात चूक झाली होती. ती त्यांच्या मुलाच्या लक्षात आली आणि २०१४ मध्ये, मन्रो गेल्यानंतर ३६ वर्षांनी, आकडा सुधारून ताशी १८४.०८७ मैल, म्हणजे सुमारे २९६ किलोमीटर असा नोंदला गेला. फरक अर्ध्या मैलाचा. पण इतक्या वर्षांनी तो सुधारता आला, कारण दोन्ही धावांच्या वेळा लिहून ठेवलेल्या होत्या.

मोबाइलच्या जीपीएसवर ताशी २०० दाखवलं. ते धरायचं का?

स्वतःच्या अंदाजासाठी धरा, दुसऱ्याला सांगण्यासाठी नको. फोन साधारणपणे सेकंदाला एकदा जागा घेतो, आणि ताशी ३०० ला गाडी एका सेकंदात ८३ मीटर गेलेली असते. अधिकृत मोजणी जमिनीवर लावलेल्या प्रकाशकिरणांनी होते. गाडीने किरण तोडला की घड्याळ चालू, दुसरा तोडला की बंद. अंतर जितकं मोठं, तितकी चूक लहान. ताशी ३०० ला एक किलोमीटरला १२ सेकंद लागतात. घड्याळात एका सेकंदाच्या शंभराव्या भागाची चूक झाली, तर वेगात पाव किलोमीटरचा फरक. तीच चूक १०० मीटरवर झाली तर फरक अडीच किलोमीटरचा.

९०० एचपी आहे, मग ताशी ४०० का जात नाही?

हे गणित वहीवर मांडून पाहाच. हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते. वेग दुप्पट, तर ताकद आठपट.

विंग काढलेल्या उघड्या चाकांच्या गाडीचं समोरचं क्षेत्रफळ आणि हवेच्या विरोधाचा गुणांक यांचा गुणाकार एक चौरस मीटर धरू. हवेची घनता घनमीटरला १.१ किलो. याची निम्मी घ्या आणि मीटर प्रतिसेकंद वेगाच्या घनाने गुणा. ताशी २०० साठी उत्तर येतं ९४ किलोवॉट, म्हणजे सुमारे १२६ एचपी. ताशी ३०० साठी ३१८ किलोवॉट, सुमारे ४२७ एचपी. ताशी ४०० साठी ७५४ किलोवॉट, म्हणजे हजार एचपीच्याही वर. ही झाली नुसती हवा. टायर, बेअरिंग, मागच्या गिअरमधला तोटा आणि मऊ जमीन यांचा हिशेब वेगळा. ३०० च्या पुढे प्रत्येक दहा किलोमीटर किती महाग पडतात ते यावरून दिसेल.

म्हणून जुन्या लोकांनी ताकदीइतकीच मेहनत आकारावर घेतली. गोल्डनरॉड या गाडीत चार क्रायसलर इंजिनं एका ओळीत बसवली होती, कारण गाडी अरुंद आणि बुटकी राहिली पाहिजे. १२ नोव्हेंबर १९६५ ला बॉब समर्स यांनी तिच्यावर ताशी ४०९.२७७ मैल, म्हणजे ६५८ किलोमीटरच्या वर सरासरी काढली. तीही टर्बो किंवा सुपरचार्जर न लावता. स्प्रिंट कारला असा आकार देता येत नाही. ड्रायव्हर उभट बसतो, चाकं उघडी, ड्रायव्हरभोवतीचा लोखंडी पिंजरा म्हणजे रोलकेज उंच. तिचा विक्रम हा तिच्या वर्गातलाच असतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

गिअरबॉक्सच नाही म्हणतात. मग सुरू कशी होते?

ढकलून. स्टार्टर नाही, क्लच नाही. इंजिन आणि मागचा अ‍ॅक्सल जोडणारा एक दांडा असतो: आत किंवा बाहेर. ड्रायव्हर तो आत घालतो, मागून ढकलगाडी ढकलते, इंजिन फिरू लागतं. ऑइलचा दाब काट्यावर चढला की मगच इग्निशनचं बटण. ही शिस्त आपल्या डिझेलवाल्यांनीही उचलण्यासारखी आहे.

सरळ धावेत गिअर एकच, म्हणून तो नेमका निवडावा लागतो. चाकाचा घेर २.५ मीटर, इंजिन ७,५०० फेऱ्यांवर, मागच्या गिअरचं प्रमाण ३.७५, म्हणजे इंजिनाच्या पावणेचार फेऱ्यांत चाकाचा एक फेरा. चाक मिनिटाला २,००० वेळा फिरेल, गाडी ५,००० मीटर जाईल, म्हणजे ताशी ३००. याच गिअरवर ताशी ६० ला इंजिन फक्त १,५०० फेऱ्यांवर असेल आणि धड ओढणार नाही, त्यामुळे ढकलगाडीने निदान तेवढा वेग दिलाच पाहिजे. स्प्रिंट कारच्या मागच्या पेटीतले दोन गिअर झाकण उघडून काही मिनिटांत बदलता येतात. एका धावेनंतर टॅकोमीटर (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा) आणि घड्याळ यांचं उत्तर जुळवून पाहा. टॅकोवरून ३०० आणि घड्याळावर २८५ आलं, तर बाकीचे १५ चाक जागेवर फिरण्यात गेले. मग गिअर बदलून उपयोग नाही, वजन आणि टायर पाहा.

भाऊ, समृद्धीवर रात्री दोन वाजता कोणी नसते. तिथं एक रन मारला तर काय होते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि याचं उत्तर मी प्रत्येकाला समोर बसवून देतो. नाही. एकदाही नाही.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. मोटारींना वेगमर्यादा ताशी १२०. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर एक वर्षापर्यंत. गाडीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. म्हणजे काही झालं तर घरच्यांच्या हातात काहीच पडत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी कारणं उरतात. ताशी २०० ला, रस्ता चांगला असताना, नेटाने ब्रेक मारला तर थांबायला दोनशे मीटरच्या वर लागतात. रात्री हेडलाइटच्या उजेडात तेवढं दिसत नाही. कुंपण ओलांडून रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर आलं, पुढे टायर फुटलेला ट्रक दिवे न लावता उभा असला, तर हातात काही राहत नाही. आणि त्या ट्रकखाली टायर बदलणारा माणूस कोणाचा तरी बाप असतो. त्याने तुमच्या विक्रमाला होकार दिलेला नसतो. आमच्या ओळखीच्या घरांतली पोरं रस्त्यावर गेली आहेत. त्यांच्या आयांना अजून बाजारात भेटतो.

मग बॉनव्हिलसारखी जागा आपल्याकडे नाही का? लोणारचं तळं तर खारं आहे.

लोणारचा विचार डोक्यातून काढा. उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये झालेलं ते विवर आहे, काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, आणि आत पाणी. तो भाग अभयारण्य आहे, २०२० मध्ये त्याला जपायच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. गाडी तिथं नेण्याचा प्रश्नच नाही, आणि अंतरही पुरणार नाही.

ताशी ३०० ची धाव घ्यायला साधारण चौदाशे मीटर वेग घ्यायला, एक किलोमीटर मोजायला आणि किमान बाराशे मीटर थांबायला लागतात. म्हणजे साडेतीन किलोमीटरच्या वर, सपाट, सरळ आणि मोकळं.

आपल्या शेतात हे का जमत नाही, तेही नीट समजून घ्या. आपली काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. मार्चनंतर शेतातल्या भेगेत हात जातो. बॉनव्हिलला उलट घडतं: हिवाळ्यात पाणी साचतं, उन्हाळ्यात ते उडून जातं आणि मिठाचा थर सपाट होऊन कडक बसतो. तोही दर वर्षी साथ देत नाही. २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षं मैदान खराब असल्याने स्पीड वीक रद्द झाला.

दक्षिण आफ्रिकेत हॅकस्कीन पॅन नावाचं कोरडं तळं ब्लडहाउंड या वेगविक्रमासाठी बांधलेल्या गाडीसाठी तयार केलं. तिथल्या मिएर समाजाच्या तीनशेहून जास्त स्त्री-पुरुषांनी हातांनी सुमारे १६,००० टन दगड वेचले. २०१९ मध्ये त्या मैदानावर गाडी ताशी १,००० किलोमीटरच्या पुढे गेली.

धावपट्टी मिळू शकते का?

कायदेशीर वाट हीच आहे. विदर्भात अकोल्याजवळ शिवणी, चंद्रपूरजवळ मोरवा, गोंदियाजवळ बिरसी, शिवाय यवतमाळ आणि अमरावतीला धावपट्ट्या आहेत. गेट उघडं दिसलं म्हणून कुठंही आत शिरायचं नाही. ज्या संस्थेच्या ताब्यात पट्टी आहे तिची लेखी परवानगी, विमानांचं वेळापत्रक, जिल्हाधिकारी, पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, आणि मोटरस्पोर्टसाठी देशातली मान्य संघटना एफएमएससीआय. कागद भरपूर लागतात. पण पुण्याकडे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या पट्टीवर द व्हॅली रन ही ड्रॅग स्पर्धा अशीच परवानग्या घेऊन झालेली आहे, म्हणजे राज्यात हे अशक्य नाही.

दोन किलोमीटरच्या पट्टीवर उडत्या किलोमीटरचा, म्हणजे आधीच वेग घेऊन शिरायच्या किलोमीटरचा, विक्रम बसत नाही. तिथं उभ्या जागेवरून अर्धा मैल, म्हणजे ८०५ मीटर, किंवा पाव मैल पळवा. पुढे थांबायला बाराशे मीटर उरतात.

पट्टी मिळाली तर पहिलं काम सूर्य उगवताच चालत जाणं. सगळ्यांनी एका आडव्या रांगेत, हाताच्या अंतरावर, मान खाली घालून. आपल्याकडच्या पट्टीवर काय सापडतं? गोटे, शेणाच्या वाळक्या पवट्या, वाऱ्याने आलेली पऱ्हाटीची काडी, आणि बाभळीचा काटा. काटा सगळ्यात वाईट. तो टायरमध्ये अर्धा इंच जाऊन मोडतो, वरून दिसत नाही, हवाही लगेच जात नाही. ताशी २२० ला टायर तापून फुगला की तिथूनच फाटतो. म्हणून प्रत्येक धावेनंतर टायरवरून तळहात फिरवायचा, डोळ्यांवर भिस्त ठेवायची नाही.

ओव्हलवर पळायला काय हरकत? इंदूरजवळ मोठा ट्रॅक झाला म्हणे.

हो, पिथमपूरचा नॅट्रॅक्स. ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक, २०२१ मध्ये खुला झाला. मुळात तो वाहनकंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे, जागा भाड्याने आणि अटींवर मिळते. आपल्याला अंतराने जवळचा, म्हणून माहिती असावी.

एप्रिल-मेच्या उन्हात हवा पातळ असते. तेव्हा गाडी जास्त पळेल ना?

विचार बरोबर, पण अर्धा. नागपूरकडची उंची तीनशे मीटरच्या आसपास. ४५ अंशांना हवेची घनता १.०७ च्या जवळ येते, जानेवारीत पहाटे १२ अंशांना ती १.१९. फरक दहा टक्के. विरोध दहा टक्क्यांनी घटतो हे खरं, पण टर्बो नसलेल्या इंजिनाला हवाही तितकीच कमी मिळते आणि ताकद तितकीच पडते. हिशेब जवळजवळ फिटतो. वर दुपारच्या वावटळी, तापलेलं डांबर, आणि अग्निरोधक कपड्यांच्या थरांत बसलेला ड्रायव्हर. उष्माघात झालेल्या माणसाचा ब्रेक उशिराच लागणार. माझं मत स्पष्ट आहे: डिसेंबर ते फेब्रुवारी, धुकं उठल्यावरचे पहिले दोन तास. वारा तेव्हाच पडलेला असतो.

मिथेनॉल कशाला? पेट्रोलवर नाही चालत का?

चालतं, पण या इंजिनांची रचना मिथेनॉलसाठी असते. जळताना एक भाग मिथेनॉलला हवा ६.४ भाग लागते, पेट्रोलला १४.७. म्हणजे तेवढ्याच हवेत दुपटीहून जास्त इंधन जातं, आणि त्याची वाफ होताना ते इंजिन आतून थंड करतं. त्यामुळे जास्त कॉम्प्रेशन झेपतं.

आता धोका ऐका. मिथेनॉलची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. धूर नाही, पिवळा जाळ नाही. माणूस पेटलेला असतो आणि शेजारच्याला कळत नाही. हाताला गरम लागलं, हवा थरथरताना दिसली किंवा ड्रायव्हर अंग झटकू लागला, की आधी पाणी मारा. मिथेनॉल पाण्यात मिसळतं, म्हणून भरपूर पाणी उपयोगी पडतं. आणि ते विष आहे. पोटात गेलं तर डोळे जातात, जीव जातो. विषारी दारूचे बळी यानेच जातात. पाण्याच्या बाटलीत ते कधीही भरू नका, घरात ठेवू नका, परवान्याशिवाय साठवू नका.

सुरक्षेला किमान काय लागतं?

रोलकेज, पाच किंवा सहा बिंदूंचा पट्टा, मान धरून ठेवणारं हेड-अँड-नेक उपकरण, मोटरस्पोर्टच्या प्रमाणाचं हेल्मेट, अग्निरोधक सूट-हातमोजे-बूट, हात बाहेर जाऊ नयेत म्हणून दोऱ्या, गाडीतली आग विझवणारी यंत्रणा, इंजिन आणि इंधन एका झटक्यात बंद करणारा स्विच, पॅराशूट. मोटारसायकलचं हेल्मेट चालणार नाही. टायर त्या वेगासाठी प्रमाणित हवेत. मातीच्या ट्रॅकचा मऊ टायर या कामाचा नाही. यातलं एक जरी नसेल तर त्या दिवशी गाडी पळवायची नाही.

अशी गाडी भारतात मिळते का?

दुकानात नाही. परदेशातून आणायची तर खर्च आणि कागद दोन्ही आवाक्याबाहेर जातात. मी तो नाद धरा असं कोणालाच सांगत नाही. वेगविक्रमात वर्ग असतात, इंजिनाच्या आकाराप्रमाणे अगदी लहान मोटारसायकलपर्यंत. २०१८ मध्ये केला रिवास या १८ वर्षांच्या मुलीने बॉनव्हिलला रॉयल एनफिल्डच्या काँटिनेंटल जीटी ६५० वर ताशी १५० मैलांची, म्हणजे २४० किलोमीटरची रेष ओलांडली. ते इंजिन उघडता-जोडता येणारे हात आपल्या तालुक्यात आहेत.

मुलींनी यात यावं का?

यावं. रिवासचं वर सांगितलं. किटी ओनील लहानपणापासून ऐकू न येणाऱ्या. १९७६ मध्ये ऑरेगनच्या अल्व्हर्ड वाळवंटात त्यांनी दोन धावांची सरासरी ताशी ५१२.७१ मैल काढली. २०१९ मध्ये जेसी कोम्ब्स यांनी त्याच मैदानावर त्याहून जास्त वेग गाठला, आणि त्याच धावेत त्यांचा जीव गेला. विक्रम त्यांच्या नावावर नंतर नोंदला गेला. दोन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही. आमच्या आयटीआयच्या मुली मायक्रोमीटर मुलांपेक्षा शांतपणे वाचतात, हे मी पाहिलेलं आहे.

सुरुवात कुठून करू? माझ्याकडे पैसे नाहीत.

मोजण्यापासून करा. बेअरिंगचा खेळ, पिस्टनचा क्लिअरन्स, टायरचा घेर, धावेची वेळ. कॉलेजात असाल तर बाहा एसएई इंडिया किंवा फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धांच्या संघात शिरा. तिथं गाडी स्वतः बांधावी लागते आणि तपासणीत एक नटसुद्धा सोडत नाहीत. आयटीआयवाल्यांनी वेल्डिंग पक्कं करावं. रोलकेजच्या जोडाचा नमुना तोडून वेल्ड आत कुठपर्यंत उतरलंय ते पाहायची सवय लावा. मोटरस्पोर्टच्या कार्यक्रमांना मार्शल म्हणून, वेळ मोजणाऱ्यांच्या हाताखाली जायला पैसे लागत नाहीत, आणि शिकायला मिळतं ते गाडीत बसून मिळणार नाही. मग एफएमएससीआयचा परवाना.

वेग पायरीने वाढवा. बॉनव्हिलला नवख्याला एकदम सोडत नाहीत. ताशी १२५ मैल, मग १५०, मग १७५, मग २००, अशा परवान्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात. प्रत्येक पायरीवर गाडी सरळ गेली का, पॅराशूट उघडलं का, ड्रायव्हर ठरल्या जागी वळला का, हे पाहतात.

आमच्या कॉलेजला तुमच्याकडे यायचं असेल तर?

रविवारी सकाळी या, आधी सांगून. पायात बूट हवेत, चप्पल चालणार नाही. सुती कपडे, पाण्याची बाटली, एक जाड वही आणि पेन. मोबाइल पहिल्या दोन तासांसाठी टेबलावर ठेवावा लागेल. पहिल्या दिवशी दोन टायरचे घेर मोजणं आणि वरचं हवेच्या विरोधाचं गणित स्वतःच्या गाडीसाठी सोडवणं, एवढंच काम असतं. ते घरून सोडवून आणलंत तर उरलेल्या वेळात मागची गिअरपेटी उघडू.